दयाळ बोलल्याशिवाय मोट नाही

आमच्या मळ्यात दिवस सूर्य उगवून सुरू होत नसे. हरणाकाकी ‘बोलला!’ म्हणाली की सुरू होई.

विहिरीच्या कडेला चिंचेखाली एक बसका दगड होता. अंधार असतानाच काकी त्यावर येऊन बसायची, डोक्यावरचा पदर कानामागं सारायची आणि गप्प व्हायची. समोर धावेवर, म्हणजे मोट ओढताना बैल चालतात त्या उतारावर, बैल जुंपून माणूस उभा. कासरा हातात, पण मोट विहिरीत सोडायची हिंमत नाही. मग कधीतरी शेवग्याच्या शेंड्यावरून दयाळ शीळ घालायचा, काकी म्हणायची, ‘बोलला!’ आणि कातड्याची ती भलीमोठी मोट धप्पदिशी पाण्यात पडायची. मळ्यात नवी आलेली कुणीही बाई हे बघून हसली असती. मी तर खूपच हसले, आणि त्याची शिक्षाही मला पुढं मिळाली.

हा मळा पलूसपासून दीड कोसावर. तेव्हा तो सातारा जिल्ह्यातच होता, सांगली जिल्हा अजून व्हायचा होता. मी साताऱ्याची, लग्न होऊन इथं आले ती त्रेचाळीस सालच्या फाल्गुनात. नवरा अर्जुना पलटणीत. लग्नाला पंधरा दिवसांची रजा काढून आला आणि हळद उतरायच्या आत मिसर देशात लढाईवर गेला. घरात सासरे सयाजी, त्यांना मी मामंजी म्हणे, सासूबाई, आणि एक महिना आड हरणाकाकी.

एक महिना आड का, तेही सांगते. विहीर एक, मोट एक आणि वाटेकरी दोन. एक मामंजी, दुसरे त्यांचे चुलत भाऊ नाथाजी. हरणाकाकी या दोघांची चुलती. तरुणपणीच नवरा गेलेली, मूलबाळ नाही. ती एक महिना आमच्या चुलीवर जेवायची, एक महिना नाथाजींच्या. दोन्ही घरांत लहानथोर तिला काकीच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

पाण्याची वाटणी अशी होती, की सकाळची पाळी एक दिवस आमची, एक दिवस नाथाजींची. दुपारी सावली पायाशी आली की मोट दुसऱ्याच्या हाती. चैत्र-वैशाखात रात्रभर झरे पाझरून विहीर पहाटेला भरलेली असायची आणि दुपारी तळ दाखवायची. त्यामुळं सकाळची पाळी म्हणजे दुधावरची साय. ती कुणी किती लवकर खायला बसायचं, हाच काय तो भांडणाचा मुद्दा.

पूर्वी म्हणे पाळी कोंबडा आरवल्यावर सुरू व्हायची. पण एका उन्हाळ्यात नाथाजींच्या पाळीलाच त्यांचा कोंबडा भलत्या लवकर आरवायला लागला. मामंजींनी पाळत ठेवली, तर नाथाजी खुराड्यासमोर कंदील धरून बसलेले! उजेड बघून बिचारा कोंबडा आरवायचा. त्यावरून दोघा भावांत अशी जुंपली की बैल बाजूलाच राहिले. तेव्हा काकी म्हणाली होती, ‘‘पाळल्याल्या पाखराचं इमान मालकाशी. रानातल्या पाखरावर सोपवा, त्येला कुणाची भाकरी खायाची न्हाई.’’

कोणतं पाखरू, हेही तिनंच ठरवलं. कोकीळ नको, तो चांदणं बघितलं की मध्यरात्रीही गळा काढतो. टिटवी नको, तिला कोल्हा दिसला तरी पुरतं. दयाळ मात्र पूर्वेला राखेचा रंग आल्याशिवाय तोंड उघडत नाही. दयाळ म्हणजे मूठभर काळापांढरा पक्षी, शेपटी उभी धरून बसतो. मला तो बघून साताऱ्याच्या कचेरीतले काळा कोट घातलेले कारकून आठवायचे. तेव्हापासून नियम झाला, की दयाळ बोलल्याशिवाय मोट नाही, आणि तो बोलला की नाही हे काकी सांगणार.

नवरा दूर, माणसं परकी. त्या पहिल्या दिवसांत मला पहाटे झोप लागत नसे. मी घागर घेऊन विहिरीवर जायची आणि काकीच्या शेजारी बसायची. साताऱ्यात मी पाखरं ऐकली नव्हती असं नाही, पण सगळी मिळून एक कलकलाट एवढंच माझं ज्ञान. काकीनं ती मला वेगवेगळी करून दिली. आधी कोतवाल, मग दयाळ, त्याच्या पाठोपाठ बुलबुल, मग होला, साळुंख्यांची भांडणं, आणि ऊन आलं की तांबट, टुक टुक करत. मी मध्येच काहीतरी विचारायची तर म्हणायची, ‘‘ऐकायचं म्हंजे कान लावायचं न्हवं पोरी, त्वांड मिटायचं. तुला त्येच जड जातंय.’’

अर्जुनाला पत्र मी लिहायची. त्यानं एकदा लिहिलं, की इथं नुसती वाळू, पहाटे ओळखीचं एक पाखरू नाही. काकीला फार वाईट वाटलं. ‘‘मग दिस उगवल्याला त्येला कळतंय कसं?’’ तेव्हापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी तिच्या सांगण्यावरून मी एक ओळ लिहायची, की आपल्या शेवग्यावरचा दयाळ रोज बोलतो आहे, काळजी करू नये.

आता घड्याळाकडे येते, कारण सगळा घोळ त्यानं केला. त्यानं म्हणजे मीच.

माझे वडील साताऱ्याच्या कचेरीत तासाचे ठोके द्यायचे. टांगलेल्या पितळी थाळीवर दर तासाला लाकडी हातोड्यानं ठोके. अर्धा सातारा त्यावर जेवायचा नि झोपायचा. त्यांनी मला लग्नात गजराचं घड्याळ दिलं. डोक्यावर दोन वाट्यांसारख्या घंटा, मागं दोन किल्ल्या. अख्ख्या मळ्यात तसलं दुसरं नव्हतं. मी ते भिंतीतल्या देवळीत ठेवलं आणि आल्यागेल्याला, न विचारता, किती वाजले ते सांगू लागले. तासवाल्याची लेक ना!

पुढच्या सालचा चैत्र लागला आणि नाथाजींनी कुरबूर काढली. काकी त्या महिन्यात आमच्याकडं जेवत होती. नाथाजींचं म्हणणं, सयाजीच्या पाळीला काकी लवकर ‘बोलला’ म्हणते आणि माझ्या पाळीला उशिरा.

‘‘काकी, तुमी आमटी सयाजीची वरपताय, मग दयाळ बी त्येचाच की!’’

मला राहवलं नाही. पदराआडून मीच सुचवलं, की घड्याळ आहे घरात, त्यावर पाळी लावा, घड्याळ कुणाची आमटी खात नाही. दोघा भावांनाही पटलं. आता वेळ कोणती धरायची? नाथाजी तरुणपणी चार वर्षं रेल्वेच्या रुळांवर कामाला होते. ते छातीवर हात मारून म्हणाले, ‘‘चैत्रात दयाळ पाचाला बोलतोय. ठेसनावरच्या घड्याळात कैकदा बघितलंय म्या.’’ झालं. पाचाचा गजर ठरला.

पहिल्या दिवशी गजर झाला तेव्हा बाहेर काळोख. चांदण्या जशाच्या तशा. काकी सवयीनं दगडावर येऊन बसली होती. नाथाजींची पाळी होती. बैल डोळे मिटून उभे.

‘‘पाच वाजलं काकी. दयाळ बोलला असंल.’’

‘‘न्हाई बोलला,’’ काकी म्हणाली.

‘‘बोलला असंल, तुमास्नी ऐकू आला न्हाई. वय झालं आता.’’

आणि मोट सुरू झाली. मोट सुरू झाली म्हणजे चाकाची करकर, पाण्याचा धबधबा, आणि वर नाथाजींचं गाणं. नाथाजी गायला लागले की दयाळच काय, हत्ती ओरडला तरी ऐकू आला नसता. त्या गोंगाटात कधीतरी उजाडलं. दुसऱ्या दिवशी मामंजींची पाळी, तेच. तिसऱ्या दिवशी तेच. काकी रोज येऊन बसायची, गजर व्हायचा, तिला काही ऐकू यायचं नाही, आणि मोटेची करकर सुरू व्हायची.

गंमत अशी की चूक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. बैल दुपारपर्यंत माना टाकायचे, तर म्हणे यंदा उन्हाळा कडक आहे. मोट धरल्यावर दिवस उगवायला दोन-सव्वादोन तास लागायचे, तर नाथाजींनी त्याचंही कारण शोधलं होतं. ‘‘लढाईचा धूर चढलाय वर. त्यातनं सूर्याला वाट काढत यावं लागतंय, यळ व्हायचाच!’’ मामंजींनी मान डोलावली. घड्याळाला मात्र कुणी बोल लावला नाही, मी तर मुळीच नाही.

चौथ्या दिवशी काकी विहिरीवर आली नाही. पाचव्या दिवशीही नाही. मी पत्र लिहायला बसले, तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती.

‘‘दयाळाचं लिहू ना काकी?’’

‘‘नगं. लिव, की काकीचं कान गेलं.’’

मी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मामंजींना सांगितलं, की मला मंगळवारी शिरवळला भाच्याकडं पोचवा, लोणंदपर्यंत आगगाडी, पुढचं तो बघेल. मामंजी, सासूबाई, दोघांनी विनवलं. नाथाजीही कान पकडून आले. ती म्हणाली, ‘‘तुमच्यावर राग न्हाई रं. पर कान हुतं म्हणून दोनी घरची भाकरी ताठ मानेनं खाल्ली. त्येवढंच एक काम माज्याकडं हुतं. आता कशाच्या जोरावर खाऊ?’’ आणि तिनं दोन लुगडी आणि एक घोंगडं यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं.

त्या गाठोड्याकडं बघून मला माझ्या घड्याळाचा पहिल्यांदा राग आला. पण ते चुकतंय असं तरीही मनात आलं नाही. काकीचे कान गेले असं मीही धरून चालले होते, याची मला आजही लाज वाटते.

मंगळवारच्या आधी सोमवार होता, आणि आमच्याकडं सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो नंदीचा वार. औत नाही, गाडी नाही, मोट नाही. घड्याळावर पाळी लागली ती मंगळवारी, म्हणून त्यानंतरचा हा पहिलाच सोमवार. गजर मात्र मी आदल्या रात्री सवयीनं लावला होता. तो पाचाला खणखणला. मी उठले तर काकी उंबऱ्यात उभी.

‘‘येतीस का? उद्या मी न्हाई. दगडावर जरा बसून येऊ.’’

गेलो. विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. मोट कडेला पालथी पडलेली. आंब्याच्या मोहोराचा वास येत होता. काकी दगडावर बसली, मी खाली तिच्या पायाशी. तिनं सांगितलं तसं त्या दिवशी मी खरंच तोंड मिटलं. बराच वेळ काही नाही. चांदण्या, रातकिड्यांची किरकिर, आणि मी मनात म्हणतेय, आता ही उठेल आणि रडेल, मग मी काय बोलू?

किती वेळ गेला कोण जाणे. पूर्वेची कड जरा फिकट झाली. गालाला गार वारा लागला. कोतवालानं दोन-तीनदा सूर लावला, आणि काकीचा हात एकदम माझ्या खांद्यावर आला. मला अजून काही ऐकू आलं नव्हतं. पार नाल्याच्या पलीकडं, दुसऱ्याच मळ्यात, बारीक शीळ होती. मी कान ताणले तेव्हा कुठं मला ती लागली. मग आमच्या शेवग्यावरचा उठला आणि त्यानं जो गळा सोडला!

‘‘बोलला,’’ काकी म्हणाली. पहिल्यांदा हळू. मग एवढ्या मोठ्यानं, की गोठ्यातल्या म्हशीनं ओरडून उत्तर दिलं. ‘‘बोलला! आगं, बोलला की गं! माज्या कानाला काय धाड भरलीय?’’

ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बुलबुल बोलला, होला बोलला, ती एकेकाचं नाव घेत होती, जणू सगळी माणसं लग्नाला आली आहेत. मीही रडले. आणि रडता रडता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

मी धावत घरी गेले. घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. म्हणजे गजर झाल्यापासून सव्वा तासावर. आणि मला आठवले माझे वडील. लग्नाच्या सहा महिने आधीची गोष्ट. कचेरीत हुकूम आला, की लढाई चालू आहे तोवर सगळ्यांनी घड्याळ एक तास पुढं करायचं. वडील घरी येऊन म्हणाले होते, ‘‘सरकारनं एक तास गिळला. आज मी चार ठोके द्यायचे तिथं पाच दिले.’’ आणि घरातल्या घड्याळाचा काटा त्यांनी माझ्याकडूनच फिरवून घेतला होता. मी, या हातानं! नाथाजींचे पाच लढाईच्या आधीचे होते, माझ्या घड्याळाचे लढाईतले. आम्ही आठवडाभर खऱ्या चार वाजता मोट धरत होतो.

आता कबूल करायचं कसं? क्षणभर वाटलं, गुपचूप काटा मागं करावा, कुणाला काय कळतंय. पण दाराशी ते गाठोडं होतं.

अंगणात मामंजी राखुंडीनं दात घासत होते. नाथाजी उद्याच्या गाडीला वंगण घालायला आले होते. सासऱ्यासमोर सुनेनं मान वर करायची नाही असा तो काळ. मी मान खालीच ठेवली, आवाज मात्र वर केला आणि सगळं सांगून टाकलं.

नाथाजींना पटेना. ‘‘सरकार तास सरकवंल कसा? तास म्हंजे काय श्याताचा बांध हाय व्हय?’’

‘‘नाथा,’’ मामंजी चूळ भरून म्हणाले, ‘‘बांध कसा सरकवत्यात ते तुला बरं ठावं!’’

मग त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि बैलांकडं बघितलं. ‘‘म्हंजे चाराला उठवलं व्हय रं आपून ह्यास्नी? मुकी जनावरं गड्या, बोलली न्हाईत म्हणून.’’ आणि ते हसायला लागले. मला वाटलं होतं, मला बोलतील. हसता हसता त्यांना ठसका लागला.

एवढ्यात काकी आली. नाथाजी सरळ तिच्या पायावर वाकले. ती म्हणाली, ‘‘ऊठ. कोंबड्याला कंदील दावलास तवाच तुजी अक्कल कळली हुती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत न्हाई, आन् घड्याळ पुढं केलं म्हणून फुटत बी न्हाई.’’ मग माझ्याकडं वळून, ‘‘आन् तू. चुलीवर च्या ठेव.’’ मी चहा ठेवायच्या आधी गाठोडं सोडलं आणि लुगडी दांडीवर टाकली.

मंगळवारी नाथाजींची पाळी. काकी दगडावर, मी शेजारी. दयाळ बोलला. मी ऐकला. काकी गप्प. पुन्हा बोलला, तरी गप्प. नाथाजी कासरा धरून या पायावरून त्या पायावर. तिसऱ्या शिळेला तिनं शब्द काढला. मी नंतर विचारलं तर म्हणाली, ‘‘आठ दिस त्येनं मला गप बशिवलं. मी त्येला इतकं बी बशवू नगं व्हय?’’

पंचेचाळीसच्या दसऱ्याच्या सुमारास लढाई संपली म्हणून सरकारनं तो तास परत मागं घेतला. मी मोठ्या कौतुकानं काकीला सांगायला गेले. ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘आलं व्हय शुद्धीवर?’’ शेचाळीसला अर्जुना सुखरूप आला. त्यानं पहिली पहाट काढली ती चिंचेखाली, तिच्या शेजारी.

खरोखरचं बहिरेपण आलं ते नंतर, अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात, हळूहळू. आधी तांबट गेला, मग होला. तिनं कुणाला सांगितलं नाही. मला कळलं, कारण मी तिला हाक मारायची आणि ती माझ्या तोंडाकडं बघायची. मी काही विचारलं नाही. दुसऱ्या वर्षीचा चैत्र आला तेव्हा मी रोज पहाटे तिच्या दगडाला दगड लावून बसू लागले, माझा हात तिच्या पदराखाली, तिच्या हातावर. दयाळ बोलला की मी हात दाबायची. ती म्हणायची, ‘बोलला!’ आणि मोट खाली जायची. महिनाभर हे कुणाला कळलं नाही.

मग एक दिवस मी माती खाल्ली. माझी धाकटी लेक रात्रभर किरकिरत होती, माझा डोळ्याला डोळा नव्हता. दगडावर बसल्या बसल्या पेंग आली, आणि झोपेतच मी हात दाबला. काकी काही बोलली नाही. मी दचकून पुन्हा दाबला. तेव्हा ती माझ्या कानाशी वाकली. तिला वाटलं ती कुजबुजते आहे, पण ते बहिऱ्या माणसाचं कुजबुजणं, पार धावेच्या टोकाला गेलं.

‘‘आगं, आजून गालाला वारा लागला न्हाई. घड्याळ झालीस व्हय?’’

धावेवर नाथाजी होते. त्यांनी ऐकलं. आमच्याकडं बघितलं, पदराखालच्या हाताकडं बघितलं. मग ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले.

थोड्या वेळानं वारा फिरला. शेवग्यावर दयाळानं शीळ घातली, चांगली खणखणीत. नाथाजींनीही ती ऐकली, कारण त्यांची मान वर गेली. पण त्यांनी मोट सोडली नाही. कासरा धरून काकीकडं बघत राहिले. मी हात दाबला.

‘‘बोलला!’’ काकी म्हणाली, आणि मग मोट पाण्यात गेली.